परराज्यातील जुनी मोटार घेताना
दिल्लीतील खासगी मालकाची जुनी मोटार पुण्यातील ग्राहकाने छायाचित्रांवरून पसंत केली, तरी सौद्याचा खरा आधार चॅसिस क्रमांक हाच असतो. १७ अक्षर-अंकांच्या या ओळखक्रमांकात एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळलेली असतात, आणि गाडीवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. कर्जाचा बोजा, म्हणजे वित्तसंस्थेचा गाडीवरील हक्क, नमुना ३५ भरून उतरवलेला नसेल, तर विसारही देऊ नये. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते, परंतु सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ अनेकदा सापडते. मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आणि मालकी हस्तांतराचे नमुने २९ व ३० हाती आल्यावरच उरलेली रक्कम चुकती करावी.