गाडी हलकी केली, तरी लवकर का थांबली?

एमएस्सीला असताना मी शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका टीमला आकडेमोडीत मदत करत होते. मुलांनी स्वतः बांधलेली एकसीटी गाडी होती, आणि कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापायचं हे एकच उद्दिष्ट. महिनाभर खपून त्यांनी गाडीचं १० किलो वजन उतरवलं. स्टीलच्या नळ्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या, सीट कापली, जाड पत्रे बदलले. मग गाडी ठराविक वेगाला नेऊन इंजिन बंद केलं आणि वेग उतरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजलं.

वेळ आधीपेक्षा कमी आला! म्हणजे हलकी गाडी लवकर मंदावली. "महिना फुकट गेला, जुनी फ्रेम परत लावा," इथपर्यंत गोष्ट आली. खरं तर मोजमाप बरोबर होतं. चूक अर्थ लावण्यात होती. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने एकदा तरी या खड्ड्यात पडून बघावं असं मला वाटतं. निदान वाचून तरी बघा.

आधी विचारा : ऊर्जा जाते कुठे?

एक खरं उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिकच्या 'पॅक-कार २' या हायड्रोजन फ्युएल सेलवरच्या गाडीने २००५ मध्ये फ्रान्समध्ये विक्रम केला. एक लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढ्या ऊर्जेत ५३८५ किलोमीटर! गाडीचं वजन अवघं २९ किलो. हवेच्या अवरोधाचा गुणांक सुमारे ०.०७५ आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या आसपास.

५० किलोचा चालक धरला तर एकूण वजन ७९ किलो. टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०००८ धरू (आपल्या साध्या कारचा साधारण ०.०१ असतो). सपाट, सरळ रस्त्यावर ताशी ३० किमी वेगाला हिशोब असा येतो :

- हवेचा विरोध : सुमारे ०.७९ न्यूटन
- टायरचा विरोध : सुमारे ०.६२ न्यूटन
- एकूण : सुमारे १.४१ न्यूटन

आता वजनाचा संबंध फक्त दुसऱ्या ओळीशी आहे. १ किलो कमी केला की एकूण विरोध जेमतेम अर्धा टक्का घटतो. उलट चाकांची अलाइनमेंट बिघडून किंवा टायरमध्ये हवा कमी राहून तो गुणांक ०.०००८ चा ०.००१० झाला, तर जे नुकसान होतं ते जवळजवळ २० किलो वजन वाढवल्याइतकं! म्हणून फ्रेम इतकी बारीक करू नका की चालक बसल्यावर ती वाकेल आणि चाकं तिरकी होतील. वजनात कमावलेलं सगळं टायर खाऊन टाकतील.

वेग घेताना वजनाला जास्त ऊर्जा लागते, हे खरं. पण इंजिन बंद करून गाडी घरंगळू दिली तर तीच ऊर्जा पुढे अंतर कापायला वापरली जाते. ती खरी वाया जाते ब्रेक मारल्यावर. त्यामुळे वारंवार थांबावं लागणाऱ्या गाडीत वजनाची किंमत जास्त मोजावी लागते.

मग ती गाडी लवकर का थांबली?

समजा पॅक-कारसारखीच गाडी आधी ३९ किलोची होती, ती २९ किलोची केली. चालकासह ८९ वरून ७९ किलो. विरोध १.४९ वरून १.४१ न्यूटनवर आला, म्हणजे सुमारे ५ टक्के फायदा. पण वेग किती झपाट्याने उतरतो हे बलावर नाही, तर बल भागिले वस्तुमान यावर ठरतं. तो आकडा ०.०१६८ वरून ०.०१७९ मीटर प्रति सेकंद वर्गावर गेला, म्हणजे जवळपास ७ टक्के वाढला!

कारण सोपं आहे. टायरचा विरोध वजनाच्या प्रमाणात कमी झाला, पण हवेला तुमच्या वजनाशी देणंघेणं नाही. तोच वारा आता हलक्या गाडीला अडवतोय. म्हणून हलकी गाडी लवकर मंदावते आणि तरीही कमी इंधन खाते. स्टॉपवॉचवरून काढलेला वेग उतरण्याचा दर वस्तुमानाने गुणल्याशिवाय बल कळत नाही. आम्ही गुणाकारच केला नव्हता. रात्री दोन वाजता एका मुलीने फळ्यावर तो करून दाखवला आणि भांडण मिटलं.

अजून एक सापळा : रस्ता

हजार मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण ७९ किलोच्या गाडीला तो सुमारे ०.७७ न्यूटनने मागे ओढतो, म्हणजे टायरच्या विरोधापेक्षा जास्त! त्यामुळे चाचणी त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी करा आणि सरासरी घ्या. वारा पडलेला असताना, पहाटे करा. एकाच स्थितीत पाच-सहा वेळा करा. त्या पाच आकड्यांतच ५ टक्क्यांचा फरक पडत असेल, तर ५ टक्क्यांचा फायदा 'सिद्ध' झाला असं एकेका चाचणीवरून म्हणता येणार नाही.

तुमच्या प्रयोगासाठी

तुमचा विषय गाडी नसेल, बॅक्टेरिया असतील किंवा पॉलिमर. तरी तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बदल करण्याआधीची स्थिती नीट मोजा, कारण ती नंतर परत मिळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही जे मोजताय (वेळ) आणि तुम्हाला जे हवंय (बल, इंधन) यांच्यामधलं समीकरण प्रयोगाआधी लिहा. आकडा उलटा आला तर फ्रेम बदलायच्या आधी ते समीकरण परत एकदा बघा.