उद्याच्या विजेचा आजचा अंदाज

जून महिन्यात गाझियाबादचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. साहिबाबादचे कारखाने, इंदिरापुरम व वैशालीतील उंच इमारतींची वातानुकूलन यंत्रे आणि ऑक्टोबर २०२३ पासून धावणारी नमो भारत रेल्वे या सर्वांना एकाच वेळी वीज लागते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे आजही अवघड व महागडे आहे. त्यामुळे उद्या ती किती लागेल, हे आजच ठरवावे लागते.

त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागाची मागणी आदल्या दिवशी वर्तविली जाते. गाझियाबादला वीजपुरवठा करते ती मेरठची पश्चिमांचल विद्युत वितरण निगम. राज्याचा एकत्रित ताळमेळ लखनौचे राज्य भार प्रेषण केंद्र पाहते. उत्तर विभागात डिसेंबर २००२ मध्ये उपलब्धताधारित दरप्रणाली आली आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत रुपयांत मोजली जाऊ लागली. सणापूर्वी शाखेत किती रोकड मागवावी, हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास ही अडचण परिचयाची वाटेल. फरक इतकाच की, उरलेली रोकड तिजोरीत राहते. जून २०२० पासून वीजबाजारात दर अर्ध्या तासाला लिलाव होऊ लागल्याने ऐनवेळी दुरुस्तीची काहीशी सोय झाली आहे.

अंदाजाचे गणिती प्रतिमान कालच्या व गेल्या आठवड्यातील त्याच वेळेच्या मागणीवर उभे राहते. त्यात तापमान, आर्द्रता, वार आणि सण यांची भर पडते. सलग तीन दिवस उकाडा राहिला, तर भिंती तापून राहतात आणि तेवढ्याच तापमानाला मागणी अधिक दिसते. म्हणून मागील दिवसांचे तापमानही जमेस धरावे लागते. गणित संख्याशास्त्रातील जुन्या समाश्रयणाचे असो वा कृत्रिम चेताजालाचे, खरी कसोटी नोंदींच्या शुद्धतेची असते. भारनियमनाच्या वेळी मापकावर भार कमी दिसतो, पण ती मागणी नसते, केवळ पुरवठा असतो. त्या नोंदी जशाच्या तशा स्वीकारल्या, तर लोकांना त्या वेळी वीज नकोच असते, असे प्रतिमान शिकते! मे महिन्यातील वादळाने वाहिन्या बंद पडतात, तेव्हाही हाच धोका असतो.

पूर्वानुभवच नसेल, तर प्रतिमान हतबल होते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन होते. मागणी १२ ते १३ हजार मेगावॅटने घटेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी घटली. अभियंत्यांनी जलविद्युत केंद्रे आधीच सज्ज ठेवली होती. त्यांची निर्मिती काही मिनिटांत सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटने उतरविण्यात आली आणि लगेच पुन्हा चढविण्यात आली. जाळ्याची वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. प्रतिमान घडविताना त्या रात्रीच्या नोंदी मात्र वगळाव्या लागतात.