वर्गात पंप नको, भेग बुजवा

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीत अशा कितीतरी शाळा आहेत, की कुंपण संपले की काजूचे भाट, भातशेत किंवा कुळागर सुरू होते. पावसाळ्यात अशा शाळेत वाळवी, डोंगळे, झुरळे, उंदीर येणारच. चिऱ्यांच्या भिंतीला भेगा, कौलांखाली जुने वासे, बाकांखाली माध्यान्ह आहारातल्या पावाचा चुरा. त्यांना आणखी काय हवे? मग चवथीच्या सुटीत वर्ग रिकामे असताना कुणीतरी सुचवतो, काजूवर मारायचे औषध घरी शिल्लक आहे, पंपही आहे, मारून टाकूया. पैसे वाचतात आणि काम तासाभरात उरकते. तरीही याला ठाम नकार द्यायला हवा.

शेतात मारलेले रसायन ऊन, पाऊस आणि मातीतले जिवाणू यांच्यामुळे मोडत जाते. बंद खोलीत यातले काहीच नसते. तिथे ते फरशीवर, बाकांवर, धुळीत बरेच जास्त दिवस टिकते. पहिलीतले मूल त्याच फरशीवर बसते, हात तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत ओढते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूंचा निरोप थांबवणारे एन्झाइम बंद पाडतात. निरोप मग थांबतच नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि शेवटी श्वासाची धडपड. हे एन्झाइम झुरळात आहे तसेच मुलातही आहे.

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे याच गटातले कीटकनाशक आढळले. तिथे कुणी फवारणी केलेली नव्हती. शाळेचा स्वयंपाक आणि शेतीचे विष एकमेकांच्या जवळ आले, एवढेच पुरेसे ठरले. आपल्याकडे आहार बहुधा महिलांचे स्वयंसाहाय्य गट बाहेरून शिजवून आणतात, पण शाळेच्या कोठीत उरलेली बाटली ठेवायची नाही हा नियम त्यामुळे सैल होत नाही. रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरणे तर नकोच.

झुरळांचे पाहा. फवारा समोर दिसणारी झुरळे मारतो, पण अंड्यांच्या कोषापर्यंत सहसा पोचत नाही. घरात आढळणाऱ्या जर्मन झुरळाच्या एका कोषात तीस-चाळीस अंडी असतात. शिवाय उग्र फवाऱ्याने उरलेली झुरळे शेजारच्या वर्गात पांगतात. विष मिसळलेल्या जेलचे काम उलटे चालते. बिजागरीमागे, कपाटाच्या सांध्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठिपके लावायचे. झुरळ ते खाते, आपल्या भेगेत जाऊन मरते आणि त्याची विष्ठा व मढे खाणारी इतर झुरळेही मरतात. मात्र जेलसोबत फवाराही मारला, तर झुरळे जेलकडे फिरकतच नाहीत आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

उंदराचे लहान पिल्लू पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत शिरते. ते भोक सिमेंट आणि तारेच्या जाळीने बुजवावे, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकावी, आत राहिलेल्यांसाठी सापळा लावावा. विष घातलेला उंदीर मरायला नेमका माळ्यावरच जातो. कौलांखालच्या त्या वासात ज्यांनी आठवडाभर फळा लिहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

फवाऱ्याशिवाय चालते याचा दाखला गोव्यातच आहे. नव्वदच्या दशकात मलेरिया संशोधकांनी इथे ॲनोफिलिस स्टीफेन्सी या डासाच्या अळ्यांवर दोन उपाय वापरून पाहिले: अळ्या खाणारे आप्लोकायलस ब्लॉकी हे छोटे मासे आणि बीटीआय नावाचा जिवाणू. या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. बीटीआयची प्रथिने अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला छिद्रे पाडतात. माणसाचे जठर आम्लधर्मी असते, शिवाय ही प्रथिने जिला चिकटतील ती जागाही आपल्या आतड्यात नसते. शाळेची विहीर किंवा बांधकामाची टाकी असेल, तर तिथे हा मार्ग खुला आहे. डेंग्यूच्या डासाला मात्र करवंटीतले पाणीही पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करायच्या. हे काम सातवीच्या मुलांना आवडतेही.

वाळवीसाठी कधीकधी रसायन लागतेच. तेव्हा ते परवानाधारक माणसानेच, मोठ्या सुटीत, जिथे लागण आहे तेवढ्याच लाकडाला आणि मातीला द्यावे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 2000 च्या कायद्यानुसार शाळेत फवारणीच्या 24 तास आधी सूचनाफलक लावावा लागतो आणि तो नंतर 72 तास ठेवावा लागतो. आपल्या पालक-शिक्षक संघाला असा ठराव करायला कुठल्याच कायद्याची वाट पाहावी लागत नाही. डब्यावरच्या तिरक्या चौकोनातल्या खालच्या त्रिकोणाचा रंगही पाहून घ्यावा: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि हिरवाही मुलांच्या हाती देण्याजोगा नसतो. एखाद्या मुलाला मळमळ, लाळ, धाप दिसली तर 108 ला फोन करायचा, आणि डॉक्टरांना दाखवायला डब्याचे लेबल सोबत न्यायचे. रसायनाचे नाव, त्रिकोणाचा रंग आणि वर्ग किती वेळ बंद ठेवायचा हे लेखी द्यायला जो तयार नाही, त्याला फाटकातूनच परत पाठवावे.