घरात गाणारे पोर असेल तर

कष्टाला फळ मिळतेच, असे आपण मुलांना सांगतो. पण चांगले बी, वेळेवर खत, सारे करूनही एखादे साल हातचे जाते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट गाण्याबद्दल हेच सांगतो. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले.

यातला शरद नेरुळकर हा तरुण मुंबईत शास्त्रीय गाणे शिकतो. रोजचा रियाज, आजारी गुरूंची सेवा, पोटासाठी जुन्या गायकांच्या सीडी विकणे. वर्षे सरतात, पण ज्याची आस धरली ते गाणे काही गळ्यात उतरत नाही. अखेर तो मैफली सोडतो, संसाराला लागतो आणि दुसरा व्यवसाय धरतो.

शरदचे काम करणारे आदित्य मोदक स्वतः गायक आहेत आणि सनदी लेखापालही. गुरू झालेले अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांचे शिष्य, शिक्षणाने रासायनिक अभियंते. आपण शेतीला जोडधंदा ठेवतो, तसेच हे.

आमच्या कामोठ्याच्या शेतांवर आता नवी मुंबईच्या इमारती उभ्या आहेत. गावोगावी भजनात रमणारी पोरे मात्र आहेतच. त्यांना हिणवू नका. गाणे शिकू द्या, सोबत पोटापुरती विद्याही द्या. आणि नाहीच जमले, तर एक साल बुडाले म्हणून आपण जमिनीला बोल लावत नाही, हे आठवा.