हॉर्न वाजतो, मग गाडी का नाही?

जुलैतली सांगलीची सकाळ. रात्रभर पाऊस झालेला, आणि मोटारसायकलचं सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून फक्त ‘टक्’. माझ्या गाडीला किक नाही. तिसऱ्या ‘टक्’ला शेजारचे काका छत्री घेऊन आले आणि त्यांनी हॉर्न दाबला. गल्ली उठेल इतका वाजला. ‘‘बॅटरी ठणठणीत आहे,’’ काकांनी निकाल दिला, ‘‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.’’ मीही तासभर कार्ब्युरेटर खोलून फुंकत बसलो. शेवटी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्यानं मल्टिमीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या. 12.4 व्होल्ट. ‘‘आता बटण दाबा सर.’’ दाबलं, आणि आकडा धाडकन 7 वर आला.

‘‘हॉर्नला काय लागतंय वो,’’ तो म्हणाला, ‘‘मरायला टेकलेल्या बॅटरीवर बी त्यो बोंबलतोय.’’

चालू न होणाऱ्या गाडीचं निम्मं शास्त्र या वाक्यात आहे. आपण गाडीची परीक्षा घेतो, पण फार सोपी घेतो. हॉर्न वाजला, प्लगला ठिणगी दिसली, टाकीत पेट्रोल खळखळलं, की तो तो भाग निर्दोष सुटतो. खरं काम करताना त्याच्यावर जो भार येतो, तो या परीक्षेत नसतोच.

बॅटरीचंच बघा. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी 1859 मध्ये बनवली. तिच्या एका घरात साधारण 2.1 व्होल्ट, सहा घरं मिळून 12.6. पण प्रत्येक बॅटरीच्या पोटात स्वतःचा थोडा विद्युतरोध असतो. चांगल्या बॅटरीत तो 0.02 ओहम धरू. सेल्फची मोटर सुरुवातीला 50 अँपिअर ओढते असं मानलं, तर आतल्या आत 1 व्होल्ट खर्ची पडेल; उरलेल्या साडेअकरात इंजिन झकास फिरेल. आता बॅटरी म्हातारी झाली, महिनोन् महिने अर्धवट चार्ज राहून प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरले, आणि रोध 0.1 ओहम झाला. त्याच 50 अँपिअरला आता 5 व्होल्ट आतच गडप होतात. हॉर्न मात्र दोन-तीन अँपिअरवर भागवतो. त्याच्या वाट्याचे जेमतेम 0.3 व्होल्ट जातात. त्याला बॅटरी आजारी आहे हे कळतच नाही.

कधी एका ‘टक्’ऐवजी ‘टक्-टक्-टक्-टक्’ अशी माळ लागते, तीही यातूनच. सेल्फचा रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच. तो ओढला गेला की मोटर प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतं, चुंबक ढिला पडतो, स्विच सुटतो. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं आणि रिले पुन्हा ओढला जातो. नवी बॅटरी आणण्याआधी मात्र टर्मिनलचे स्क्रू आवळून, त्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून बघा. गंजलेला सांधाही हाच रोध वाढवतो, आणि घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो.

बटण दाबल्यावर ‘टक्’सुद्धा नसेल, तर आधी उजव्या मुठीजवळचा लाल किल स्विच, मग साइड स्टँड, मग न्यूट्रल आणि क्लच बघा. पार्किंगमधली पोरं जाता जाता तो लाल स्विच दाबून जातात. हसू नका, या एका स्विचपायी गाड्या टेम्पोत घालून गॅरेजला गेल्या आहेत. फ्युएल इंजेक्शनची गाडी आडवी पडली असेल, तर तिचा झुकाव ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो. बऱ्याच गाड्यांत किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो माघार घेत नाही.

आता ठिणगी. मेकॅनिक लोक ‘करंट येतो का बघ’ म्हणतात, आणि बघायची पद्धत सगळ्यांना पाठ आहे: प्लग काढायचा, कॅपमध्ये खोचून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, सेल्फ मारायचा. निळी ठिणगी उडाली की प्लग पास. ही परीक्षा खोटी नाही, पण हॉर्नच्याच जातीची आहे. (ती घेताना प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग छिद्रापासून लांब टेकवा आणि हात रबरी कॅपवरही ठेवू नका.)

प्लगच्या दोन टोकांमधली फट सुमारे 0.7 ते 0.8 मिलिमीटर. बाहेरच्या मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडायला ठिणगीला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. पण तिला काम करायचं असतं सिलिंडरच्या आत, आणि तिथे पिस्टननं हवा सुमारे एक-नवमांश जागेत कोंबलेली असते. वायूचा दाब आणि फटीची लांबी यांचा गुणाकार ठिणगीला किती व्होल्टेज लागेल ते ठरवतो, हा नियम जर्मनीच्या फ्रीड्रिख पाशेन यांनी 1889 मध्ये मांडला. ठिणगी पडायची तर एखाद्या मोकाट इलेक्ट्रॉननं पळत जाऊन वायूच्या रेणूला धडक द्यायची, त्यातून आणखी इलेक्ट्रॉन उडवायचे, त्यांनी आणखी. पंढरीच्या वाटेवर, वारीच्या गर्दीत कुणी धाव घेऊन बघावी! रेणू दाटीवाटीनं उभे असले, की इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी वाटच राहत नाही. मग त्याला जोराचा रेटा, म्हणजे जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हे व्होल्टेज पुरवणारी कॉइल अर्धी जळालेली असली, तर बाहेर ठिणगी दाखवते आणि आत गेल्यावर कच खाते, ती यामुळे. म्हणून अनुभवी माणूस ठिणगी आहे की नाही एवढ्यावर थांबत नाही. ती निळी आणि ‘चट्’ आवाज करणारी आहे, की पिवळट आणि मरतुकडी, हे तो पाहतो.

पावसाळ्यात ठिणगी आणखी एका वाटेनं चुकते. प्लगच्या रबरी कॅपला बारीक चीर असली, पोर्सेलिनवर धूळ असली आणि त्यावर पाणी बसलं, की ओल्या धुळीतून विजेला सोपी वाट मिळते. आतली दाटलेली हवा फोडण्यापेक्षा बाहेरून इंजिनच्या अंगावर उतरणं तिला स्वस्त पडतं. अंधारात बघितलं तर कधी कधी कॅपभोवती निळसर सरपटणारा उजेड दिसतो. उपाय फार साधा: कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, प्लगचा पांढरा भाग पुसा. चीर असेल तर कॅप बदला.

पेट्रोल ‘आहे’ हीसुद्धा सोपी परीक्षा. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते धुळीनं बुजलं, तर टाकी भरलेली असूनही पेट्रोल उतरत नाही. नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबून ठेवला की आतलं पाणी लोंबकळत राहतं, तसं. गाडी पाच-सहा किलोमीटर जाऊन मरत असेल आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ होत असेल, तर दोष तिथे आहे.

आणि किती पेट्रोल लागतं? 100 सीसीच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरून हवा घेतली, तर तिचं वजन सुमारे 0.12 ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका स्फोटाला पेट्रोल 8 मिलिग्रॅम, एका थेंबाच्या साधारण निम्मं. इतका नाजूक हिशेब असताना आपण चोक ओढून, मूठ पिळून पिळून वीस वेळा सेल्फ मारतो. प्लग पेट्रोलनं चिंब होतो आणि ठिणगीला कोरडी फट उरत नाही. ‘ओव्हरफ्लो झाली’ म्हणतात ती ही अवस्था. पेट्रोलचा भपकारा आला की चोक बंद करा, दहा मिनिटं थांबा, आणि मूठ पूर्ण उघडून सेल्फ मारा, म्हणजे हवा जास्त येईल आणि सिलिंडर सुकेल. थांबणं हाच यातला अवघड भाग.

चोकचं कारण वेगळं. द्रव पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि थंड इंजिनात पेट्रोलमधले हलके घटक तेवढे वाफ होतात. म्हणून हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. 1972 मध्ये आलेली बजाज चेतक ज्यांच्या घरी होती, त्यांनी वडिलांना सकाळी ती एका बाजूला झोपवताना पाहिलं असेल. मला तो लहानपणी देवपूजेसारखा विधी वाटायचा. पण गाडी आडवी केली की कार्ब्युरेटरमधला फ्लोट तिरका होतो, पेट्रोलची पातळी बिघडते आणि थोडं जादा पेट्रोल आत उतरतं. चोकचंच काम, जरा अडाणी पद्धतीनं. बरेच दिवस उभ्या गाडीत हेच हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. कार्ब्युरेटरमधली सुईच्या अग्राएवढी जेटची छिद्रं तिनं बुजतात. लॉकडाउनमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हा धडा अनेकांना दिला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते ओलावाही शोषतं. तेव्हा पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल, तर जुन्या कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. नव्या गाडीत किल्ली फिरवल्यावर दोनेक सेकंद ‘झुंई’ असा बारीक आवाज येतो. तो टाकीतला पंप. तो ऐकायची सवय लावून घ्या. आवाज नसेल तर प्लग काढण्यात अर्थ नाही, फ्यूज आणि बॅटरी बघा. इथेच जुनी धक्कास्टार्ट विद्याही लंगडी पडते. बॅटरी पार मेलेली असेल, तर पंप चालत नाही आणि धक्का मारणाऱ्यांचा फक्त व्यायाम होतो. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकला, पहिल्यात नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिन फिरवायला चाकावर इतका जोर लागतो, की ओल्या रस्त्यावर ते नुसतं घसरतं.

राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं आतली हवा दाबणं. जुन्या बुलेटवाल्यांना हे तळपायानं कळायचं. डीकॉम्प्रेसर ओढून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, मग पूर्ण किक; घाई केली तर ती उलटी मारायची आणि पोटरी सुजायची. हल्ली सेल्फमुळे हा स्पर्श गेला. पण कान आहेत. निरोगी इंजिन सेल्फवर ‘हुं-हुं-हुं’ असं दम घेत फिरतं. शिवणयंत्रासारखं एकसुरी, विनासायास फिरू लागलं, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तिथे घरगुती उपाय संपतात.

याच कॉम्प्रेशनमुळे एक गोष्ट पूरपट्ट्यातल्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. ऑगस्ट 2019 मध्ये इथे सांगलीत आणि कोल्हापुरात, जुलै 2021 मध्ये चिपळुणात असंख्य दुचाकी पाण्याखाली होत्या. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाहीच. 100 सीसीच्या इंजिनात पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा असते सुमारे 12 सीसी, म्हणजे अडीच चमचे. तेवढं पाणी आत असताना सेल्फ मारला किंवा धक्का दिला, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तेव्हा पाणी ओसरल्यावर गाडी ‘चालू होते का’ हे बघायला बटण दाबू नका. आधी बॅटरीची वायर सोडवा, प्लग काढा, एअर फिल्टर उघडून बघा. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर ते काढून टाका, आणि गाडी ढकलत गॅरेजला न्या, न्यूट्रलमध्ये.