मस्तिष्कगत रक्तस्राव : थांबलेला की चालू?

वातव्याधींच्या प्रकरणात, चिकित्सास्थानाच्या २८व्या अध्यायात, चरकाचार्यांनी पक्षवधाचे वर्णन केले आहे. व्यवहारात आजही एक हात-पाय लुळा पडलेला, बोबडे बोलणारा रुग्ण, विशेषतः ग्रामीण भागात, पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी आणला जातो. त्याच्या मस्तिष्कातील धमनी अवरुद्ध झाली आहे की फुटली आहे, हे नाडी, मुखाची वक्रता किंवा वाढलेला रक्तदाब यांवरून निश्चित सांगता येत नाही. तीव्र शिरःशूल, छर्दी व लवकर येणारी मूर्च्छा ही लक्षणे रक्तस्रावाकडे निर्देश करतात इतकेच. ही गोष्ट बहुतेक वैद्यबंधूंना ज्ञात आहे. परंतु सी. टी. स्कॅनने रक्तस्राव सिद्ध झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तोच रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो. स्राव थांबला आहे, की अद्याप चालू आहे?

आम्ही पाठविलेल्या एका साठीच्या रुग्णाचा पहिला स्कॅन लक्षणे सुरू झाल्यापासून दीड तासात झाला. गाठ लहान होती, रुग्ण बोलत होता. नातेवाइकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरे सांगायचे तर आम्हीही टाकला. तीन तासांनी तो बेशुद्ध झाला. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ तिपटीहून मोठी झालेली होती.

हा अपवाद नव्हे. फुटलेली धमनी काही मिनिटांत आपोआप बंद होते, असा समज दीर्घकाळ होता. १९९७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील ब्रॉट व सहकाऱ्यांनी तीन तासांच्या आत तपासलेल्या रुग्णांचे पुन्हा स्कॅन केले. पहिल्या स्कॅननंतर एका तासातच २६ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय वाढली होती. पुढील २० तासांत आणखी १२ टक्क्यांची वाढली. म्हणजे लवकर आलेल्या रुग्णांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांचा स्राव आपल्या डोळ्यांदेखत वाढत असतो.

साध्या सी. टी. स्कॅनमध्ये प्रत्येक धातूची घनता हाउन्सफील्ड एककांत मोजली जाते. पाण्याची घनता ०, मस्तिष्काची साधारण ३० ते ४०, तर ताज्या गोठलेल्या रक्ताची ६०च्या आसपास किंवा अधिक; म्हणूनच ते करड्या पार्श्वभूमीवर पांढरे दिसते. गाठीचे आकारमान काढण्याची रीतही सोपी आहे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व निम्मा घ्यावा. ४ × ३ × ३ सेंटिमीटरची गाठ म्हणजे १८ मिलिलिटर. ३० मिलिलिटरपुढे धोका स्पष्टपणे वाढतो. तथापि हे चित्र आतापर्यंत सांडलेल्या रक्ताचे असते. सांडणे चालू आहे काय, हे त्यातून थेट दिसत नाही.

ते पाहण्यासाठी सी. टी. अँजिओग्राफी करतात. हातातील शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य वेगाने सोडले जाते व ते मस्तिष्कातील धमन्यांत पोहोचताच चित्रे घेतली जातात. धमनीचे छिद्र उघडे असेल, तर ते द्रव्य रक्ताबरोबर गाठीत झिरपते आणि गाठीच्या आत एक-दोन मिलिमीटरचा तेजस्वी ठिपका उमटतो. यालाच ‘स्पॉट साइन’ म्हणतात. एक-दोन मिनिटांनी पुन्हा चित्र घेतल्यास खऱ्या स्रावाचा ठिपका पसरतो किंवा आकार बदलतो. कॅल्शियमचा साठा असेल तर तो साध्या स्कॅनमध्ये आधीच दिसतो व बदलत नाही. शिवाय धमनीवरचा फुगा किंवा जन्मजात रक्तवाहिनीविकृती असल्यास तीही याच परीक्षणात सापडते.

२००७ साली वाडा व सहकाऱ्यांनी ३९ रुग्णांत हे चिन्ह वर्णिले तेव्हा त्याची संवेदनशीलता ९१ टक्के आढळली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांत झालेल्या ‘प्रेडिक्ट’ अभ्यासात मात्र ती ५१ टक्क्यांवर आली. ठिपका असलेल्यांत तीन महिन्यांतील मृत्युप्रमाण सुमारे ४३ टक्के, नसलेल्यांत सुमारे २० टक्के होते. तात्पर्य, ठिपका दिसला तर सावध व्हावे. न दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. वृक्कविकार अथवा आयोडीनची ॲलर्जी असलेल्या रुग्णांत परीक्षणापूर्वी विचार करावा लागतो. ही सोय नसेल तेथे साध्या स्कॅनमध्येही गाठीची कडा अनियमित असणे किंवा तिच्यात काळसर व पांढरे भाग मिसळलेले असणे, ही वाढीची सूचक चिन्हे मानली जातात.

ठिपका सापडला, आता तो बंद करणारे औषध द्या, इतके हे सोपे असते तर बरे झाले असते. ठिपका असलेल्या रुग्णांना रक्तस्तंभक घटक सात देऊन पाहण्यात आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ सिद्ध झाला नाही. २०२० साली ट्रॅनेक्झामिक आम्लाबाबतही तसेच घडले. यश आले ते साध्या वाटणाऱ्या गोष्टींना. २०२३ सालच्या ‘इंटरॲक्ट-३’ अभ्यासात भारतासह दहा देशांतील ७,०३६ रुग्ण होते. वरचा रक्तदाब एका तासात १४०च्या खाली आणणे, रक्तशर्करा व ज्वर आटोक्यात ठेवणे आणि वॉरफॅरिनचा परिणाम तत्काळ उलटविणे, हे सर्व एकत्रितपणे केल्याने रुग्णांची स्थिती सुधारली. स्रावाच्या पहिल्या तासांनाच एवढे मोल आहे.

सुश्रुताचार्यांनी रक्तस्तंभनाचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. व्रणापर्यंत हात पोहोचतो तेथे ते योजता येतात. कवटीच्या आत आपला हात पोहोचत नाही. म्हणून स्कॅन होईपर्यंत अभ्यंग, स्वेदन, नस्य वा बस्ती यांत वेळ दवडणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. तोंडावाटे काहीही देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून ॲस्पिरिनची गोळी तर मुळीच नको. पक्षवधाच्या पुढील अवस्थेत आपल्या शास्त्राला भरपूर अवकाश आहे. त्यासाठी रुग्ण त्या अवस्थेपर्यंत पोहोचावा लागतो.

रुग्णालयात पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी. तीत मोजलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, आणि आपण दिलेली औषधेसुद्धा लिहावीत. आपली औषधे लपविण्याची सवय घातक आहे. लसणाचे कल्प दीर्घकाळ घेणाऱ्यांत रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. सर्वांत वर, रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ लिहावी, आणि ती घड्याळातील असावी. ‘सकाळपासून’ एवढ्या शब्दावरून स्कॅन वाचणाऱ्याला ती गाठ एका तासाची की सहा तासांची हे ठरविता येत नाही.