सोंड्या भुंग्याला गंधाचे आमंत्रण

कर्जत आणि खालापूर हे तालुके भातशेतीचे. कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रही भातासाठीच ओळखले जाते. तरीही येथे परसात माड, बांधावर शिंदी आणि अलीकडच्या शेतघरांच्या फाटकाशी शोभेचे पाम दिसतात. या सर्वांचा एक समान शत्रू आहे, तो म्हणजे सोंड्या भुंगा.

तांबूस रंगाच्या या भुंग्याची मादी खोडावरील जखमेत दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. अळी आतूनच खोड पोखरते. त्यामुळे छिद्रातून तपकिरी चिकट द्रव वा चघळलेला भुसा बाहेर येऊन शेंडा मलूल दिसू लागतो, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. आत दडलेल्या अळीपर्यंत वरची फवारणी पोहोचत नाही. म्हणूनच बाहेर फिरणाऱ्या भुंग्याला पकडणे महत्त्वाचे ठरते.

येथे गंध उपयोगी पडतो. या भुंग्याचा नर एक विशिष्ट गंध सोडतो. 1993 मध्ये शास्त्रज्ञांनी तो ओळखला आणि त्याला ‘फेरुजिनिऑल’ हे नाव मिळाले. बोलीत अशा सापळ्यांना सरसकट ‘कामगंध सापळे’ म्हणतात. परंतु हा गंध केवळ मीलनाचा नसून एकत्र जमण्याचा आहे. त्यामुळे नर आणि मादी दोघेही त्याकडे येतात. अंडी घालण्यापूर्वीच मादी पकडली जाणे, हाच या सापळ्याचा खरा लाभ होय.

सापळा साधा आहे. बाहेरून खडबडीत केलेल्या बादलीला वरच्या बाजूस छिद्रे पाडावीत, आत गंधाची पुडी टांगावी आणि तळाशी उसाचे तुकडे व कीटकनाशक मिसळलेले पाणी ठेवावे. साधारणपणे हेक्टरी एक सापळा पुरतो. तो माडाच्या खोडाला न बांधता बागेच्या कडेला, सावलीत ठेवावा. दर आठवड्यास भुंगे काढून पाणी व ऊस बदलावा.

हा नेम चुकला तर सापळा उलटतो. गंध दूरवरचे भुंगे बोलावतच राहतो. पण आटलेल्या बादलीत ते अडकत नाहीत आणि शेजारच्या माडावर उतरतात. अर्थात, दुर्लक्षित सापळ्यापेक्षा सापळा नसलेला बरा.

खोडावरील जखमेचा वासही भुंग्याला बोलावतो. म्हणून चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नयेत, हिरवी झावळी तोडताना देठाचा सुमारे चार फूट भाग राखावा आणि शेंड्याला भोके पाडणाऱ्या गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त करण्यासाठी शेणखताचे खड्डे तपासावेत. पोखरून मेलेले झाड उभे न ठेवता फोडून जाळावे.

भुंग्याला कुंपण ठाऊक नसते. एका बागेत सापळा आणि शेजारच्या बंद शेतघराच्या अंगणात सडणारा पाम, असे चित्र असेल तर श्रम वाया जातात. शेतकरी व शेतघरांचे मालक यांनी गावपातळीवर एकत्र येऊन सापळे लावले, तरच परसातला माड वाचेल.